दुपारचं वाढीव पाणी

१

कुठल्याही घरी काम बघायला गेला की तो आधी प्यायला पाणी मागायचा, अर्धं प्यायचा आणि उरलेलं खोलीच्या मधोमध फरशीवर ओतायचा. घरातली माणसं दचकायची. तो मात्र उकिडवा बसून ते पाणी कुठल्या भिंतीकडे जातं ते बघत राहायचा. फरशीचा उतार घरमालकाला माहीत नसतो, बांधणाऱ्याला आठवत नसतो, पाणी तेवढं खरं सांगतं, असं त्याचं म्हणणं. प्लंबिंगच्या कामात त्याची पस्तीस वर्षं गेली होती. त्याने जोडलेल्या पाइपातून कधी थेंब गळला नाही म्हणून लोकांनी त्याला 'थेंबे' नाव पाडलं. ते इतकं चिकटलं की खरं नाव फक्त लाइटच्या बिलावर उरलं.

त्या दिवशी त्याला बोलावलं होतं बाईंनी. बाई म्हणजे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. थेंबेची मुलगी त्यांच्याच वर्गात होती, त्यामुळे घरात सगळे त्यांना बाईच म्हणत, आणि थेंबेही. त्या आपल्या थोरल्या बहिणीबरोबर एका इमारतीच्या तळमजल्यावर राहत. ही थोरली, म्हणजे ताई, तरणतलावावर तीस वर्षं पोहायला शिकवत होती. बारा वर्षांपूर्वी तिथल्याच ओल्या पायरीवरून पडली आणि कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून मागच्या खोलीतला पलंग हेच तिचं जग. खिडकी होती, पण समोर शेजारच्या इमारतीची भिंत.

बाईंना त्या पलंगासमोर माशांची टाकी हवी होती, आणि तीही चांगली मोठी. पाच फुटी.

"हिला पाणी दिसलं पाहिजे," बाई म्हणाल्या. "दिवसभर भिंत बघते."

थेंबेने पाणी ओतलं. ते पलंगाखालून बाथरूमच्या भिंतीकडे गेलं. ताई मान कलती करून त्याच्याबरोबर बघत होती.

२

माशांच्या टाकीचं काम त्याने आधी दोनदाच केलं होतं, एकदा दवाखान्यात आणि एकदा हॉटेलात. तरी त्याने बैठक मारली आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलने आखणी केली. वर काचेची मोठी टाकी, पावणेपाचशे लिटरची. तिच्या एका कोपऱ्यात काठाच्या जरा खाली एक खाच. खाचेतून सांडणारं पाणी पाइपाने खालच्या कपाटातल्या लहान टाकीत उतरणार, तिथे गाळलं जाणार, आणि मोटर ते परत वर चढवणार. शिवाय वरच्या टाकीच्या तळाला एक निचऱ्याचा पाइप, त्याला कॉक, आणि तो पाइप भिंतीतून बाथरूमच्या जाळीपर्यंत. कॉक उघडला की बादल्या न उचलता पाणी बदलता येईल.

ताईने सगळं ऐकून घेतलं आणि फक्त दोन गोष्टी विचारल्या. मोटर बंद केली तर काय होतं, ही पहिली.

थेंबेला प्रश्न आवडला. गिऱ्हाईक हे कधी विचारत नाही, आणि फसतं ते इथेच. त्याने समजावून सांगितलं. मोटर थांबली की वरचं पाणी खाचेच्या पातळीपर्यंत उतरतं, पाइपातलंही खाली येतं. त्याच्या हिशोबाने सव्वीस लिटर. तेवढी जागा खालच्या टाकीत कायम रिकामी ठेवायची, नाहीतर खोलीत तळं होईल. त्याने पंचेचाळीस ठेवली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे मोटरचं बटण. ते तिला उशाशी हवं होतं. दुपारी आवाजाने झोप लागत नाही, म्हणाली. थेंबेने जिन्यातल्या दिव्यासारखी दोन बटणं दिली, एक टाकीशेजारी, एक उशाशी. कुठूनही चालू, कुठूनही बंद.

३

आठवड्याभरात काम झालं. खालच्या टाकीच्या काचेवर, मोटर चालू असतानाच्या पातळीपासून वर, त्याने मार्करने पाच-पाच लिटरच्या खुणा केल्या. बाई फूटपट्टी घेऊन शेजारी बसल्या आणि एक खूण किंचित तिरकी आहे म्हणून पुसायला लावली. मग त्याने मोटर बंद केली. पाणी खळखळत खाली आलं, हळू झालं, थांबलं. पंचविसाच्या खुणेच्या बोटभर वर.

"सव्वीस," बाई म्हणाल्या, आणि पेपर तपासून झाल्यावर ठेवतात तसं पेन खाली ठेवलं.

मासे आले, चाळीसेक, चंदेरी, करंगळीएवढे. तळाला वाळू आणि लांब पातीची पाणवनस्पती लावली. टाकीतल्या दिव्याचा उजेड पलंगावर हलायला लागला तेव्हा ताईने चादरीबाहेर दोन्ही हात काढून त्या उजेडात धरले. शिकवताना ती असेच हात धरून दाखवायची, बाईंनी सांगितलं, बोटं जुळवलेली, अंगठा आत.

४

दीड महिन्याने बाईंचा फोन आला. कपाटातून पाणी सांडलं होतं.

थेंबेच्या कामातून पाणी सांडणं म्हणजे त्याच्या नाकाला मिरच्या झोंबणं. तो तासाभरात हजर झाला. सकाळचे दहा वाजले होते. बाई ताईला चाकाच्या खुर्चीत बसवून पुढच्या गॅलरीत घेऊन गेल्या होत्या, रोज सकाळी अर्धा तास नेत तशा. त्याने एकेक सांधा कोरड्या कागदाने पुसून बघितला. सगळं ठणठणीत. मोटर बंद केली. पाणी खाली आलं. सव्वीस. पुन्हा चालू, पुन्हा बंद. सव्वीस.

"तुम्ही वरून जास्त पाणी घातलं असेल," तो म्हणाला.

बाई गणिताच्या. त्यांनी वहीच दाखवली, रोज किती पाणी आटलं आणि किती घातलं त्याची. शिवाय सांडलं होतं दुपारी. आधीही दोनदा कपाटाचा तळ ओला दिसला होता, तोही दुपारीच. प्रत्येक वेळी त्या धावत जाऊन मोटर सुरू करत आणि पाणी वर जाई.

मग तो दुपारी पुन्हा आला. ताई पलंगावर होती. नेहमीच्या वेळी तिने बटण दाबलं, डोळे मिटले आणि तोंड टाकीकडे केलं. थेंबे कपाट उघडून बसला. पाणी सव्विसाला थांबलं. तो गुडघ्यावर हात टेकून उठणार, एवढ्यात खुणेवरची रेघ हलली.

थेंब पडत नव्हते. खाचेवरून पाण्याचा एक पातळ पापुद्रा घसरत होता, आवाज न करता. तीस. पस्तीस. त्याने वर बघितलं. वरच्या टाकीतली पातळी खाचेला होती तिथेच होती, केसभरही उतरलेली नव्हती. त्रेचाळीसला सगळं थांबलं.

म्हणजे सतरा लिटर जास्त, आणि वरून काहीच कमी नाही. काठोकाठ भरलेल्या बादलीत कुणी हात घातला तर जेवढा हात तेवढं पाणी बाहेर येतं, हे त्याला कळत होतं. त्याने टाकीत बघितलं. वाळू, पाती, मासे. मासे सगळे डावीकडच्या काचेला चिकटून उभे होते, रांगेत माणसं अंग चोरून उभी राहतात तसे.

५

दुपारी व्होल्टेज वाढतं. उन्हाने काच फुगते. पाइपात हवा अडकते. थेंबेने मनाशी सगळी कारणं मांडली आणि एकेक खोडून टाकली, तरी दुसऱ्या दुपारी तो अवजारांची पिशवी घेऊन गेलाच. खाचेत काही अडकलंय का ते बघायचं ठरवलं. त्यासाठी वरची पातळी चार बोटं उतरवायला हवी होती. ताई झोपली होती. मोटर बंद होती, खालचं पाणी चाळीसच्या पुढे जाऊन थांबलं होतं. त्याने तळाच्या निचऱ्याचा कॉक उघडला.

पाइपातले आवाज त्याला आपल्या माणसांच्या पावलांसारखे ओळखू येत. हवा मिसळलेलं पाणी खाकरतं, गाळाचं पाणी घासत जातं. आज भिंतीतून आधी नेहमीचा आवाज आला आणि मग काहीतरी घोट घेतल्यासारखं गेलं. एकच घोट, जड, मऊ.

"बंद करा," ताई म्हणाली.

तिने डोळे उघडले नव्हते. आवाज चढवलाही नव्हता. तरणतलावाच्या काठावरून एखाद्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. थेंबेने कॉक बंद केला. पाऊण बादली पाणी गेलं असेल.

त्याने बाथरूममध्ये जाऊन जाळी बघितली. जाळी ओली होती, बाकी काही नव्हतं. तरी त्याने जाळी उचलून आत बोट फिरवलं. का फिरवलं, ते त्याला सांगता आलं नसतं.

६

चार-पाच दिवस तो तिकडे फिरकला नाही. मग बाईच बाजाराच्या रस्त्यावर भेटल्या. चेहरा ओढलेला. टाकीचं विचारलं तर म्हणाल्या, टाकीचं राहू द्या, ताईच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं एकाएकी गेली. म्हणजे आहेत जागेवर, पण पिळून वाळत घातलेल्या फडक्यासारखी. डॉक्टर म्हणाले, रक्त पोचत नाही, या वयात होतं कधी कधी. तिथे वजनही केलं. एक्केचाळीस किलो, गेल्या वर्षीएवढंच.

"केव्हापासून?" थेंबेने विचारलं.

"तुम्ही पाइप बघायला आलात ना, त्या संध्याकाळपासून."

बाईंच्या मनात काही नव्हतं, दिवस ओळखायची खूण म्हणून त्या बोलल्या. थेंबेला मात्र तो घोट आठवला. सांगावं असं वाटलं, पण काय सांगणार? तुमच्या बहिणीची बोटं मी गटारात सोडली, असं? स्वतःच्या मनातसुद्धा ते वाक्य त्याला पुरतं जुळवता येईना.

बाई पिशवी या हातातून त्या हातात घेत उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या की आणखी एक गोष्ट आहे, कुणाला बोलले नाही. दुपारी चादर सरळ करायला त्या ताईला उचलतात. बारा वर्षं उचलताहेत, हाताला वजन पाठ आहे. हल्ली दुपारी ती रिकाम्या टोपलीसारखी उचलली जाते. संध्याकाळी मोटर सुरू झाली की पुन्हा होती तशी जड.

"माझेच हात म्हातारे झालेत," बाई म्हणाल्या.

हात म्हातारे झाले की ओझं हलकं लागत नाही, जड लागतं. हे दोघांनाही माहीत होतं.

७

ताईनेच त्याला बोलावणं पाठवलं. तो गेला तेव्हा बाई औषधं आणायला बाहेर पडल्या होत्या. ताईने त्याला पलंगाजवळ स्टूल ओढून बसायला सांगितलं. डावा हात तिने चादरीखाली ठेवला होता.

थेंबेने आधीच ठरवून आणलेला उपाय मांडला. खालच्या टाकीला काठाशी एक भोक पाडून पाइप काढू, जास्तीचं पाणी परस्पर बाथरूममध्ये जाईल, खोलीत कधी सांडणार नाही. त्याच्या धंद्यातला सरळ, साधा उपाय.

"नको," ताई म्हणाली. "आता निचरा कुठेच नको. तळाचा तो पाइपही कायमचा बंद करा. टोपण घालून, सोल्युशनने चिकटवून."

"मग सांडणार, ताई."

"खालची टाकी मोठी बसवा. सव्वीस तुमचे. वर एक्केचाळीस धरा."

थेंबे तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती टाकीकडे बघत होती. पातींमधून मासे फिरत होते, सकाळची वेळ होती, मोटर चालू होती.

"सांडलं की ती धावत येते," ताई पुढे म्हणाली, "आणि बटण दाबते. तिची काही चूक नाही. पण अर्धवट राहतं."

"काय अर्धवट राहतं?"

ती जरा हसली. पोरांना पाण्यात उतरायला तयार करताना हसावं तसं. "तुम्ही कधी अर्धवट काम सोडलंय का?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. मग आवाज खाली आणून त्याने बोटांबद्दल माफी मागितली. नक्की कशाची माफी ते त्याने म्हटलं नाही. तिनेही विचारलं नाही.

"तुम्हाला काय माहीत होतं," एवढंच म्हणाली. "टोपण लावा म्हणजे झालं."

निघताना दारात बाई भेटल्या. त्याने धीर करून विचारलं, ही टाकीच काढून टाकू या का. बाईंनी औषधांची पुडकी टेबलावर एकाशेजारी एक नीट लावली.

"बारा वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नाही," त्या म्हणाल्या. "ती सांगते तसं करा."

८

नवी टाकी कपाटात जेमतेम बसली. थेंबेने पंचाहत्तर लिटरची जागा मोकळी ठेवली. तळाचा पाइप कापला, टोपण चढवलं, सोल्युशन लावून मिनिटभर दाबून धरलं. काचेवर नव्या खुणा केल्या. दुपारचे अडीच झाले होते. बाई चहा टाकायला स्वयंपाकघरात गेल्या.

"करू बंद?" मागून ताईने विचारलं.

"करा," थेंबे म्हणाला. तो कपाटापुढे बसला होता, पाठ पलंगाकडे. मागे बटण वाजलं. मोटरची घरघर थांबली आणि खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली.

सव्वीस. पाणी थांबलं. स्वयंपाकघरात गॅस पेटल्याचा आवाज आला. मग खाचेवरून तो पापुद्रा घसरू लागला. तीस. पस्तीस. चाळीस. आज ते मध्ये कुठे अडखळत नव्हतं. मागे पलंगाची एक फळी करकरली, ओझं उतरल्यावर लाकूड करकरतं तशी. पन्नास. त्याच्या उजव्या हाताशी टाकीशेजारचं बटण होतं. दाबलं असतं तर मोटर सुरू झाली असती. त्याने बोट त्यावर ठेवलं. साठ. बोट तिथेच राहिलं, पण दाबलं गेलं नाही.

त्याने मान वर केली. मासे डावीकडच्या काचेला गोळा झाले होते. उजवीकडे लांब पाती आडव्या झाल्या होत्या, प्रवाह नसलेल्या पाण्यात, मुळापासून टोकापर्यंत. त्या आडव्या होत होत डावीकडे आल्या, मागच्या उभ्या राहत गेल्या, आणि काचेजवळ मासे फाकून दोन बाजूंना झाले. काचेवर आतून एक मऊ दणका बसला. तलावात पोहणारा भिंतीशी पोचल्यावर पायाने रेटा देऊन वळतो, तसा. मग पाती उलट्या दिशेने लवत गेल्या.

पाच फुटांची टाकी. दोन हात मारले की संपत होती. पुन्हा दणका, पुन्हा वळण.

रेघ थांबली. त्याने खूण वाचली, मग बोट लावून पुन्हा वाचली.

"झोपली का?" बाईंनी दारातून हळू आवाजात विचारलं.

थेंबेने मागे वळून बघितलं नाही. "हो," तो म्हणाला.

बाई आत आल्या. कप टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. त्यांची पावलं पलंगाशी जाऊन थांबली. मग त्यांनी विचारलं, "किती झालं?"

"सदुसष्ट."

बाईंना त्यातून सव्वीस वजा करायला वेळ लागला नसावा. त्याने बटणावरचं बोट दाखवलं आणि समोर बघतच सांगितलं की मोटर सुरू करायची तर आत्ता करता येईल. पुढचं त्याला माहीत नाही. आणि नाही केली, तर हे मासे संध्याकाळपलीकडे टिकणार नाहीत, एवढ्या माशांना हलतं पाणी लागतं.

"मासे तुम्ही घेऊन जा," बाई म्हणाल्या. "तुमच्या मुलीला आवडतील. बादली देते."

त्या बादली आणि लहान जाळी घेऊन आल्या, ती त्याच्याजवळ ठेवली आणि मागे गेल्या. पाठीमागे चादर झटकल्याचा आवाज आला, मग कापडाला कापड लागल्याचा, टोकाला टोक जुळवून घडी घालताना येतो तो. एक घडी, दुसरी, तिसरी. बाईंच्या हातांना घाई नव्हती.

थेंबेने टाकीचं झाकण बाजूला ठेवलं. मासे सगळे डाव्या कोपऱ्यात, अगदी खोल. जाळी तिथवर न्यायची तर हात खांद्यापर्यंत आत घालावा लागणार होता. त्याने घड्याळ काढलं, बाही वर गुंडाळली. जाळी पाण्याला टेकली आणि तो थबकला. कुणाच्याही न्हाणीघरात काम करायला जाण्याआधी तो बाहेरून आवाज देत असे. पस्तीस वर्षांची सवय होती.

"ताई," तो पाण्याकडे बघून म्हणाला, "हात घालतोय हं."

डावीकडच्या पाती एकामागून एक सरळ झाल्या. कोपरा मोकळा झाला होता.